‘नाना’ आणि १९ टक्के: कानाच्या पेन्शनला लागलेली दोन कुलुपं

नमस्कार मेजर. हुद्दा हवालदाराचा असला तरी मंगळवेढ्याकडं निवृत्त फौजीला सगळे मेजरच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. तोफखान्यात २४ वर्षं, २०१८ साली मुदत पूर्ण करून घरी. जाताना झालेल्या रिलीज मेडिकल बोर्डानं दोन्ही कानांत ‘सेन्सोरिन्यूरल हिअरिंग लॉस’, म्हणजे आतल्या कानाचा किंवा नसेचा बहिरेपणा, लिहिला, टक्के १५ ते १९, आजन्म, आणि कारणाच्या रकान्यात ‘नाना’. नकाराचं पत्र आलं, ते फाइलला लागलं, अपील केलं नाही. आता फोनवरचं बोलणं उमगत नाही आणि रात्री कानात शिट्टी वाजते. चुलतभाऊ मराठा लाइट इन्फंट्रीतून नवव्या वर्षी कानामुळंच बोर्ड आउट झाला. त्याच्या कागदावरचे टक्के तुमच्याइतकेच, तरी त्याची डिसॅबिलिटी पेन्शन चालू आहे. मग सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमधून ४० टक्क्यांचा दाखला काढून नव्यानं अर्ज केला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय.

दाखल्यानं हे काम होणार नाही. कान आज किती गेलाय हा या भांडणाचा मुद्दाच नाही. बाहेर पडलात त्या दिवशी बोर्डानं काय लिहिलं आणि ते लिहायला त्यांच्याकडं काय आधार होता, एवढंच पाहिलं जातं. आणि त्या लिखाणात तुमच्या पेन्शनला एक नाही, दोन कुलुपं लागलीत. बहुतेक लोक एकाच कुलपाशी झटत बसतात आणि दुसरं तसंच राहतं.

पहिलं कुलूप कारणाचं. ‘नाना’ म्हणजे ‘नायदर ॲट्रिब्यूटेबल नॉर ॲग्रॅव्हेटेड’: आजार नोकरीमुळं झाला नाही आणि नोकरीनं वाढलाही नाही. (घरातल्या नानांसारखंच हे प्रकरण, एकदा ‘नाही’ म्हणाले की हलत नाहीत.) दुसरं कुलूप टक्क्यांचं. मुदत पूर्ण करून निवृत्त होणाऱ्याला लष्कराच्या २००८ च्या पेन्शन नियमावलीतल्या नियम ५३ खाली डिसॅबिलिटी एलिमेंट, म्हणजे दोषाबद्दलची पेन्शनवरची भर, मिळतं, पण त्यासाठी दोष नोकरीशी जोडलेला हवा आणि शिवाय किमान २० टक्के हवा. दोन्ही एकदम. तुमच्याकडं दोन्ही नाहीत.

चुलतभावाचं उत्तर इथंच आहे. तो तुमच्या दारानं बाहेर आला नाही. त्याला लष्करानं स्वतः वैद्यकीय कारणावरून काढलं, म्हणजे इनव्हॅलिड आउट केलं, आणि त्याला नियम ८१ लागतो. अशा माणसाबद्दल सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सुखविंदर सिंग प्रकरणात म्हटलं की, ज्या दोषामुळं नोकरीच गेली तो २० टक्क्यांपेक्षा कमी कसा असेल? तो २० च्या वर आहे असंच धरायचं. म्हणून त्याला टक्क्यांचं कुलूप नव्हतंच, फक्त कारणाचं उघडावं लागलं. आणखी एक फरक आहे. नऊ वर्षांच्या नोकरीवर साधी सर्व्हिस पेन्शन मिळत नाही, त्याला १५ वर्षं लागतात. दोष नोकरीशी जोडलेला ठरला की इनव्हॅलिड झालेल्याला सर्व्हिस एलिमेंट, म्हणजे पेन्शनचा नोकरीबद्दलचा भाग, मिळतं आणि त्याला किमान वर्षांची अट नाही. म्हणजे त्याची सगळीच पेन्शन त्या एका निर्णयावर उभी आहे. तुमची सर्व्हिस पेन्शन चालूच आहे, वाद वरच्या भरीचा आहे. दोघांचे टक्के सारखे असले तरी खटले वेगळे, त्याचा निकाल तुमच्या अर्जाला जसाच्या तसा जोडू नका.

आता कारणाच्या कुलपाबद्दल, कारण तुमच्या बाजूनं बोलण्यासारखं सर्वात जास्त तिथं आहे.

भरतीच्या वेळी तुमचा कान तपासला गेला होता. ६१० सेंटिमीटरवरून, म्हणजे २० फुटांवरून, कुजबुजीच्या आवाजात बोललेलं दोन्ही कानांना वेगवेगळं ऐकू आलं तरच भरती होते. त्या कागदावर कानाच्या दोषाची नोंद नसेल, तर धरमवीर सिंग प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल तुमच्या कामाचा. माणूस धडधाकट म्हणून घेतला, घेताना दोष नोंदवला नाही, तर पुढं झालेला दोष नोकरीत झाला असं मानायचं. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी लष्कराची, आणि बोर्डानं त्याची कारणं लिहिली पाहिजेत. मात्र हे वाचून गाफील राहू नका. त्याआधी २००९ साली दामोदरन प्रकरणात त्याच न्यायालयानं मेडिकल बोर्डाच्या मताला मोठं वजन दिलं होतं. दोन्ही निकाल एकत्र वाचले की व्यवहारात उरतं ते असं: बोर्डानं कारणं देऊन ‘नाना’ लिहिलं असेल तर ते मोडणं अवघड, आणि कारण न देता शिक्क्यासारखं लिहिलं असेल तर ते मोडतं.

म्हणून तुमच्या बोर्डाचा कागद, म्हणजे एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म, पूर्ण हातात आल्याशिवाय मी किंवा कुणीही ‘केस पक्की आहे’ म्हणणं चूक आहे. त्यात ‘नॉट कनेक्टेड विथ सर्व्हिस’ एवढी एकच ओळ असेल तर तुमची बाजू भक्कम. तिथं लहानपणापासून कान वाहत होता, ओटोस्क्लेरोसिस (मधल्या कानातलं हाड अडकण्याचा आजार) आहे किंवा घराण्यात बहिरेपण आहे असं काही लिहिलं असेल, तर आधी त्याला उत्तर द्यावं लागेल.

एक कारण बोर्ड फार वेळा लिहितं आणि ते तोफखान्याला लागूच पडत नाही: ‘आजार पीस स्टेशनला असताना सुरू झाला.’ (पीस म्हणजे शांततेतली छावणी, फील्ड म्हणजे सीमेवरची किंवा मोहिमेतली तैनाती.) रक्तदाब किंवा मानसिक ताणाच्या आजारात फील्ड की पीस या प्रश्नाला काही अर्थ असतो. आवाजाला नसतो. तोफ सरावात डागली काय आणि सीमेवर डागली काय, कानावर येणारा दाब तोच. उलट सरावाची फायरिंग रेंज आणि कोर्स यांचा मोठा भाग पीसमध्येच होतो. देवळालीच्या तोफखाना प्रशिक्षणात ज्यांनी दिवस काढले त्यांना हे सांगायला नको. अपिलात ही गोष्ट दोन ओळींत पण ठामपणे लिहा.

आता कानाची भाषा थोडी शिकून घ्या, कारण ऑडिओग्राम, म्हणजे कान किती ऐकतो त्याचा आलेख, हा तुमच्याकडचा खरा साक्षीदार आहे. रायफलच्या एका गोळीचा आवाज कानाशी १५५ ते १६५ डेसिबलच्या घरात जातो, तोफेचा त्याहून वर. १४० च्या पुढचा झटक्याचा आवाज असुरक्षित मानतात. अशा आवाजानं कानाचा पडदा फाटेलच असं नाही. आतल्या शंखातल्या बारीक केसपेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत. त्यातही ४००० हर्ट्झच्या आसपासच्या आधी मरतात. म्हणून आवाजानं गेलेल्या कानाचा आलेख ओळखू येतो: ५०० आणि १००० हर्ट्झला जवळपास ठीक, ३००० ते ६००० मध्ये खड्डा, आणि ८००० ला पुन्हा थोडा वर. वयानं जाणाऱ्या कानाच्या आलेखात असा खड्डा नसतो, तो उजवीकडं उतरतच जातो.

आलेखावर लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. हवेतून आणि हाडातून असे दोन्ही मार्ग तपासलेले हवेत. दोन्ही सोबत खाली असतील तर दोष नसेचा. हाडाचा मार्ग चांगला आणि हवेचा वाईट, अशी मध्ये फट असेल तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानाचा, म्हणजे मळ, फुटलेला पडदा किंवा अडकलेलं हाड; तो फायरिंगशी जोडणं अवघड जातं. अपवाद एकच, स्फोटात पडदा फाटल्याचा इंजुरी रिपोर्ट. रायफलवाल्यांत आणखी एक खूण दिसते. उजव्या खांद्यावरून फायर करणाऱ्याचा डावा कान जास्त गेलेला असतो, कारण तो नळीच्या तोंडाकडं असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. तोफेवर मात्र तुमची जागा कोणती होती त्यावर ते अवलंबून. तुमच्या आलेखात ४००० चा खड्डा असेल आणि कागदोपत्री २४ वर्षं तोफेवर असाल, तर ‘नाना’ लिहिणाऱ्याला उत्तर देणं जड जाईल.

याच खड्ड्यामुळं तुमचं दुसरं कुलूप मात्र घट्ट होतं. बोर्ड टक्के ठरवतं ते मुख्यतः बोललेलं किती अंतरावरून ऐकू येतं यावर आणि बोलण्याच्या पट्ट्यातल्या नुकसानीवर. शांत खोलीत, समोर बसलेल्या डॉक्टरचं बोलणं तुम्हाला ऐकू येतं. स्वर खालच्या पट्टीत असतात, तो भाग शाबूत. जातात ती स, श, फ, ठ अशी व्यंजनं. म्हणून तुमची तक्रार ‘ऐकू येतं पण कळत नाही’ अशी असते: कानाला ‘साठ’ आणि ‘आठ’ एकच वाटतात, सुनेचं आणि नातवाचं बोलणं निसटतं, एसटी स्टँडवर तर काहीच लागत नाही. हा त्रास खरा आहे, पण टक्क्यांच्या तक्त्यात तो कमी भरतो. १५ ते १९ ही २० च्या आतली सर्वात वरची पायरी आहे हे लक्षात घ्या. म्हणजे बोर्डानं दोष मान्य केला, फक्त उंबरठ्याच्या एक बोट अलीकडं ठेवला.

हे कुलूप न्यायाधीश स्वतः उघडत नाहीत. १९ चे २० करा असा हुकूम ट्रिब्यूनल, म्हणजे फौजींच्या नोकरी-पेन्शनच्या तक्रारी ऐकणारं न्यायाधिकरण, सहसा देत नाही. ते डॉक्टरांचं काम मानतं. ते करू शकतं ते म्हणजे पुन्हा बोर्ड बसवायला सांगणं. म्हणून तुमच्या मागण्या दोन हव्यात: ‘नाना’ रद्द करा, आणि टक्के नव्यानं ठरवायला रिसर्व्हे (फेरतपासणी) किंवा अपील मेडिकल बोर्ड घ्या. दुसरी मागणी राहून गेली की पहिली जिंकूनही हातात काही येत नाही. कारणाचा मुद्दा जिंकून १५ ते १९ वर अडकलेली प्रकरणं म्हणजे नुसतं मानाचं पान.

पुन्हा बोर्ड झालं तर टक्के वाढतील का, हे तुमच्या आलेखावर आहे. आपल्या सोयीसाठी आधी एक स्वतंत्र तपासणी करून घ्या: दोन्ही कानांची प्युअर टोन ऑडिओमेट्री (वेगवेगळ्या स्वरांची), सोबत स्पीच ऑडिओमेट्री (शब्दांची) आणि इम्पीडन्स (पडदा आणि मधल्या कानाची). सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागात किंवा ओळखीच्या ऑडिओलॉजिस्टकडं, कुठंही चालेल. नुकसान २००० हर्ट्झपर्यंत उतरलं असेल, शब्द ओळखण्याचं प्रमाण पडलं असेल, तर नवं बोर्ड मागण्यात अर्थ आहे. खड्डा फक्त ४००० ते ६००० मध्येच असेल तर २० ओलांडणं कठीण, आणि मग वकिलाच्या फीपायी पदरचे पैसे घालू नका असंच मी सांगेन. कानातल्या शिट्टीची, म्हणजे टिनिटसची, नोंद तुमच्या बोर्डात वेगळी आहे का तेही पाहा. गुडघा, पाठ असा दुसरा कुठला दोष बोर्डात लिहिला असेल आणि तोही नोकरीशी जोडला गेला, तर सगळ्यांचे मिळून एकत्रित टक्के काढतात. कित्येकांचा उंबरठा कानानं नाही, कान अधिक गुडघा असा ओलांडला जातो.

तपासणीच्या आधी कानातला मळ काढून घ्या आणि निदान १६ तास मोठ्या आवाजापासून लांब राहा. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत शोभेचं दारूकाम पाहून दुसऱ्या दिवशी ऑडिओग्रामला गेलात, तर येणारा आलेख तुमचा नाही, त्या रात्रीचा असेल. आणि वाढवून सांगण्याच्या फंदात पडू नका. प्युअर टोनची सरासरी आणि बोलणं ऐकू येण्याची पातळी यांत साधारण १० डेसिबलच्या आत मेळ लागतो. नाही लागला की डॉक्टरांना शंका येते. एकच कान गेला म्हणणाऱ्याचं खरं-खोटं पाहायला स्टेंगर चाचणी आहे, आणि बेरा चाचणीत तर उत्तर तुम्ही नाही, मेंदूकडं जाणारी नसच देते. एकदा ‘विसंगत प्रतिसाद’ असा शेरा पडला की खरा दोषही कुणी मानत नाही.

सिव्हिलच्या दाखल्याचंही सांगून टाकतो. अपंगत्वाचा दाखला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मिळतो. त्यात बोलण्याच्या पट्ट्यात दोन्ही कानांना ६० ते ७० डेसिबल नुकसान असेल तर कर्णदोष, त्यापुढं बहिरेपण. तो तक्ता वेगळा, लष्कराचा वेगळा. फौजी खड्डा त्या पट्ट्याच्या बाहेर पडतो, त्यामुळं तुम्हाला तिथं ४० टक्के मिळतीलच असंही नाही. मिळाले तर दिव्यांग सवलतींसाठी जरूर वापरा. पण आजचा दाखला २०१८ च्या बोर्डाविरुद्ध पुरावा होत नाही. उलट समोरचा वकील विचारेल, ‘सात-आठ वर्षांत काय केलंत?’

सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न जरा जास्तच टोचतो. निवृत्तीनंतर टॉवेल-चादरीच्या यंत्रमागावर किंवा सूतगिरणीत कामाला लागलेले फौजी पुष्कळ. मागाचा खडखडाट आठ-आठ तास ऐकला की त्यानंही ४००० लाच खड्डा पडतो. मग आजच्या आलेखातला किती भाग तोफेचा आणि किती मागाचा, हे कोणता डॉक्टर सांगणार? म्हणून २०१८ चा बोर्डाचा ऑडिओग्राम सोन्यासारखा: तो माग सुरू होण्याआधीचा आहे. मागावर काम केलं असेल तर लपवू नका, तारखा सांगा आणि बोट जुन्या आलेखावर ठेवा. आवाजानं झालेलं नुकसान आवाज थांबल्यावर सहसा वाढत नाही. पुढची घसरण वयाची किंवा नव्या आवाजाची धरली जाते. त्यामुळं ‘निवृत्तीनंतर फार वाढलं’ हे वाक्य तुमच्या बाजूचं वाटलं तरी कामाचं नाही. ‘निवृत्तीच्या दिवशीच इतकं होतं, आणि ते कमी मोजलं गेलं’ हे कामाचं आहे.

आता कागद. डिस्चार्ज बुक आणि नकाराचं पत्र तुमच्याकडं आहेच. नाशिक रोडच्या आर्टिलरी रेकॉर्ड्सकडून पुढचं मागवा: एएफएमएसएफ-१६ सगळ्या पानांसह, त्याला जोडलेलं कान-नाक-घसा तज्ज्ञाचं मत, ऑडिओग्रामची प्रत, भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी, आणि नोकरीत असताना मेडिकल कॅटेगरी उतरवली असेल तर त्या प्रत्येक बोर्डाची प्रत. ‘शेप’ या लष्करी वैद्यकीय श्रेणीतला ‘एच’, म्हणजे कानाचा दर्जा, कधी आणि कितीवर आला, ते त्यातून कळतं. साध्या अर्जावर मिळालं तर उत्तम, नाही तर माहिती अधिकारात मागा. १० रुपये फी, ३० दिवसांची मुदत. नुसतं ‘माझी मेडिकल फाइल द्या’ असं लिहू नका, प्रत्येक कागदाचं नाव लिहा, नाही तर बोर्डाचं पहिलं पान तेवढं हातात पडतं. सोबत कोणत्या काळात कोणत्या युनिटला, कोणत्या तोफेवर, डिटॅचमेंटमध्ये (तोफेच्या तुकडीत) काय काम, याची एका पानाची यादी स्वतः करा. १०५ मिलिमीटर, १३० किंवा १५५ बोफोर्स, जे असेल ते नावानं.

एएफएमएसएफ-१६ मध्ये तुमचं स्वतःचं निवेदनही असतं. आजार केव्हा सुरू झाला, कशामुळं वाटतं, नोकरीपूर्वी होता का. घरी जायच्या घाईत बरेच जण तिथं ‘काही नाही’ लिहून सही करतात आणि मग तेच वाक्य त्यांच्याविरुद्ध वाचून दाखवलं जातं. तुमच्या निवेदनात काय आहे ते सर्वात आधी पाहा. जे अजून नोकरीत आहेत त्यांनी हे पान कोरं सोडू नये, वार्षिक तपासणीत ऑडिओमेट्री मागावी, आणि स्फोटानं कान बधिर झाला, रक्त आलं, तर त्याच दिवशी एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नोंद करून इंजुरी रिपोर्ट, आयएएफवाय-२००६, भरून घ्यावा. पुढं शोधून तो मिळत नाही.

अर्जाची वाट सरळ आहे, फक्त लांब. नकारानंतर सहा महिन्यांत पहिलं अपील, तेही फेटाळलं तर दुसरं. तुमची मुदत केव्हाच गेली. तरीही पहिलं अपील उशिराचं कारण लिहून पाठवा, कारण आर्म्ड फोर्सेस ट्रिब्यूनल आधी विचारतं की खात्यातले उपाय वापरलेत का. अपील मुदतबाह्य म्हणून परत आलं किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही, तर ट्रिब्यूनलकडं जायला वाट मोकळी. त्यापुढच्या सहा महिन्यांची मर्यादा मात्र पाळा. निवृत्त माणूस राहत्या ठिकाणाच्या खंडपीठाकडं जाऊ शकतो, म्हणजे तुमच्यासाठी मुंबई. वकील लावा किंवा स्वतः उभे राहा, कायद्यानं दोन्हीला परवानगी आहे. वैद्यकीय मुद्दा असल्यानं मी वकील सुचवतो, पण पेन्शनचं काम केलेलाच.

उशिराचं भय फार धरू नका. पेन्शन दर महिन्याला बुडते, म्हणून अन्याय चालू आहे असं मानलं जातं. तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली हेच सांगितलं, पण मागची बाकी अर्ज दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. म्हणजे उशिरानं दावा मरत नाही, झिजतो. आणखी एक तारीख मनात ठेवा: २००८ च्या पात्रता नियमांनुसार निवृत्तीनंतर १५ वर्षं उलटून गेल्यावर केलेल्या दाव्यात सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर येतं. तुमच्यासाठी ती रेघ २०३३ ला आहे. (२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत, त्यानंतर बाहेर पडलेल्यांनी हे उत्तर जसंच्या तसं धरू नये.)

एवढं करून किती पैसे? डिसॅबिलिटी एलिमेंट १०० टक्क्यांना शेवटच्या हिशेबी पगाराच्या ३० टक्के असतं, खाली त्या प्रमाणात. समजा तुमचा तो पगार ४५,००० रुपये होता. १०० टक्क्यांना १३,५००, म्हणून २० टक्क्यांना २,७००. पण २० ओलांडले की ब्रॉड बँडिंग लागतं: ५० पेक्षा कमी असलेले टक्के ५० धरतात. आधी हे फक्त इनव्हॅलिड झालेल्यांना होतं. राम अवतार प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये ते मुदत पूर्ण करणाऱ्यांनाही मिळालं. म्हणजे २,७०० चे ६,७५० रुपये महिना, वर महागाई मदत. तीन वर्षांची मूळ बाकी २,४३,०००. आणि १९ टक्क्यांना शून्य. एका टक्क्याला इतकं मोल आहे म्हणूनच ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणारे दलाल फिरतात. बोर्ड लष्करी रुग्णालयात बसतं, तिथं त्यांची पोच नसते; पैसे मात्र आगाऊ घेतात.

ब्रॉड बँडिंग २० च्या खाली लागत नाही, हेही स्पष्ट सांगतो. ‘१९ चे ५० करून मिळतात’ असं कुणी सांगितलं तर तो चुलतभावाच्या दाराबद्दल बोलतोय, तुमच्या नाही.

सोलापुरात अर्ज लिहायला, पत्रव्यवहाराला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्या. रेकॉर्ड ऑफिसला तिथून गेलेलं पत्र सहसा अडगळीत पडत नाही. कानाच्या मशीनसाठी मात्र निकालाची वाट पाहू नका. ती ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून मिळते, टक्के आणि ‘नाना’ यांचा तिच्याशी संबंध नाही. नसेचं नुकसान मशीननं भरून येत नाही, पण ‘साठ’ आणि ‘आठ’ पुन्हा वेगळे होऊ शकतात. उशीर केला की मेंदूलाच ते आवाज ओळखायची सवय राहत नाही. नव्या बोर्डात मशीन लावलेलं दिसलं तर टक्के कमी होतील ही भीतीही बाळगू नका, तपासणी मशीन काढूनच होते.

तर आधी नाशिक रोडला कागदांचा अर्ज टाका, आणि तोवर ऑडिओग्राम करून घ्या. दोन्ही हाती आले की मला चार गोष्टी कळवा: भरतीच्या कागदावर कानापुढं काय लिहिलंय, बोर्डानं ‘नाना’चं कारण काय दिलंय, तुमच्या निवेदनात काय आहे, आणि दोन्ही आलेखांत २००० आणि ४००० ला किती डेसिबल आहेत. प्रती पाठवताना आर्मी नंबर आणि पीपीओ (पेन्शन आदेशाचा) नंबर तेवढा झाकून पाठवा.